तेलातली लापशी

गांधीजींची आत्मकथा आपल्याकडे जो तो आपापल्या कामासाठी वाचतो. कुणी दक्षिण आफ्रिकेसाठी, कुणी चंपारणसाठी. दुधावरची पानं मात्र ‘असतो एकेकाचा छंद’ म्हणून भराभर उलटली जातात. मला विचाराल तर, आपल्याच माणसांत बसून दूध-तूप नाकारायचं म्हणजे नेमकं काय, यावर इतकं खोलात जाणारं दुसरं लेखन माझ्या वाचनात नाही. मूळ पुस्तक गुजराती, 1925 पासून ‘नवजीवन’मध्ये क्रमशः आलेलं. इंग्रजीत नेलं ते आमच्या सुरत जिल्ह्यातल्या सरस गावी जन्मलेल्या महादेवभाई देसाईंनी, मराठीत आणलं आप्पासाहेब पटवर्धनांनी. सांगलीला माहेरी मी ते मराठीत वाचलं होतं. लग्नानंतर सुरतेत गुजरातीत वाचलं, तेव्हा मी दूध सोडलेलं होतं आणि सासरचा गोतावळा भलामोठा होता. तेव्हा कुठे ती पानं मला दिसली.

‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडात जन्मला 1944 साली. त्यामुळे 1912 साली टॉलस्टॉय फार्मवर गांधीजींनी कॅलनबाखबरोबर दूध सोडलं, तेव्हा त्या वागण्याला नाव नव्हतं. कारणं मात्र दोन होती, आणि ती दोन्ही पुस्तकात शेजारी शेजारी येतात. पहिलं रायचंदभाईंकडून, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांकडून आलेलं : दूध विकार वाढवतं. दुसरं कलकत्त्याहून आलेल्या माहितीमुळे : शेवटचा थेंब काढायला गवळी गायी-म्हशींचे जे हाल करतात ते. पहिलं कारण माझ्या शरीराबद्दल आहे, दुसरं म्हशीच्या. पुस्तकात हा फरक कुठेच उलगडून मांडलेला नाही, आणि या प्रकरणांबद्दल माझी पहिली तक्रार तीच आहे. कारण घरच्या पंगतीत सगळं काही त्या फरकावरच अडतं.

कसं ते सांगते. आमच्याकडे आश्विनात नवपदाची ओळी येते. नऊ दिवस आयंबिल करणारे दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, तळलेलं, सहाच्या सहा विगई सोडतात. दिवसातून एकदा, एका बैठकीत, उकडलेलं नाहीतर भाजलेलं अळणी धान्य. आम्ही दक्षिणेकडचे दिगंबर याला रसपरित्याग म्हणतो; तत्त्वार्थसूत्रात तो सहा बाह्य तपांमध्ये मोजलेला आहे. ओळी करणाऱ्या बाईला घरात केवढा मान! तिला कुणी ‘मग कॅल्शियमचं काय?’ असं विचारत नाही. ‘थोडुंक तो ले’ असा आग्रह करत नाही. उलट तिची शाता विचारतात. पौर्णिमेला ओळी संपते, प्रतिपदेला पारणं. आणि सुरतेत आश्विन वद्य प्रतिपदा म्हणजे चंदी पडवो. म्हणजे घारीचा दिवस. आत मावा, वर थिजलेल्या तुपाचा थर, आणि अख्खं शहर ती खायला गच्चीवर नाहीतर डुमसच्या रस्त्यावर सतरंज्या टाकून बसलेलं. काल दूध सोडणं तप होतं, आज तेच सोडलं तर नखरे.

कॅलेंडरचा हा योगायोग मला पुष्कळ काही शिकवून गेला. ओळीतला त्याग पहिल्या कारणाचा आहे : मी माझी जीभ आवरते, तुमच्या ताटाबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुसऱ्या कारणाने घारी नाकारली, की न बोलताही ताटात म्हैस येऊन उभी राहते. तिचा पाडा येतो, ज्याचा डेअरीला काही उपयोग नसतो. आणि पांजरापोळ येते. दर पर्युषणात तिथे पावती फाडणारी हीच घरं आहेत. तिथली भाकड जनावरं कुठून येतात, हा प्रश्न पावती फाडताना कुणाला पडत नाही आणि घारी खाताना तर नाहीच नाही. म्हणून लोक चिडतात. त्यांचं चिडणं मला खोटं वाटत नाही. आपला मुद्दा त्यांना आपल्याआधी कळलेला असतो, इतकंच.

आता पुस्तकातल्या पंगती बघा. 1914, लंडन. गांधीजी प्लुरसीने आजारी. गोखले स्वतः खंगलेले, तरी काळजी यांची. दूध-धान्य घ्या, डॉक्टर जीवराज मेहतांचं ऐका, असा त्यांचा आग्रह. (हेच जीवराजभाई 1960 साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.) गांधीजी चोवीस तासांची मुदत मागतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगतात की बाकी जमेल ते ऐकीन, दूध नाही. गोखल्यांनी त्यावर जे केलं ते मी अनेकदा वाचलं आहे. त्यांना निर्णय पसंत नव्हता. यात त्यांना धर्म दिसत नव्हता, आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. मग आग्रह सोडला आणि डॉक्टरांना सुचवलं की याच्या मर्यादेत बसेल तेच द्या. न पटताही सोय करणं! आमच्या लग्नकार्यांत मला पाठिंबा देणारे भेटतात, टिंगल करणारे तर ढिगाने भेटतात. गोखल्यांसारखा माणूस आतापर्यंत एकच भेटला, आमच्या फोईबा. त्यांचं येईलच पुढे.

दुसरी पंगत 1918 ची, साबरमती आश्रमातली. खेड्याच्या धावपळीनंतर पोट बिघडलेलं. सणाचा दिवस. जेवणार नाही म्हणून सांगितलेलं असतानाही बांनी त्यांच्यासाठी मुद्दाम गव्हाचा गोड पदार्थ केला, आमच्याकडच्या लापशीसारखा म्हणू. दूध-तूप चालत नाही म्हणून तेलात. वर मुगाची वाटी काढून ठेवलेली. गांधीजी थोडं खायला बसले आणि पोटभर जेवले, तासाभरात अतिसार उलटला. प्रकरणात बा इथे मोहात पाडणारी म्हणून येतात. मला हे वाचताना प्रत्येक वेळी राग येतो. नवऱ्याच्या नियमाची इतकी बारीक काळजी घेऊन, सणाच्या गर्दीत वेगळं भांडं चुलीवर चढवणारी बाई, आणि तिच्या वाट्याला मोहाची भूमिका! लेखक दोष स्वतःच्या जिभेला देतात, हे खरं. पण गोष्टीची रचना तर तिला गोवूनच झाली आहे ना?

तिसरी पंगत मुंबईची, 1919 ची सुरुवात. डॉक्टर दलाल म्हणतात, दुधाशिवाय अंग भरणार नाही. शपथ आहे, हे उत्तर. कोणत्या दुधाची, अशी उलटतपासणी झाल्यावर खाटेशेजारच्या बा म्हणतात की मग शेळीच्या दुधाला काय हरकत. शपथ घेताना मनात गाय-म्हैसच होती, तेव्हा शब्द टिकला. मात्र शपथेचा आत्मा गेला, हे गांधीजी स्वतःच लिहितात आणि त्याची सल लपवत नाहीत. रौलट बिलांविरुद्ध उभं राहायचं होतं, जगायची ओढ लागली होती. या पानांइतका प्रामाणिकपणा मला फार थोड्या आत्मचरित्रांत दिसला.

प्रामाणिकपणा आहे, पण शहाणपणा? इथे मी जैन म्हणून वाचते. आपलं पच्चक्खाण असं मोकळं नसतं. त्यात आगार असतात. विसरून घडलं तर, अचानक तोंडात गेलं तर, आजारात समाधी राहावी म्हणून घ्यावं लागलं तर, या सवलती नियम घेतानाच बोलून ठेवतात. आजाराची सवलत आधी ठेवणं कमी वीरश्रीचं दिसेल, पण नंतर ‘दूध’ शब्दाचा अर्थ कापून लहान करण्यापेक्षा ते सरळ आहे. रायचंदभाईंकडून दुधाचा विचार घेतला, आगाराची रीत मात्र शपथेत आली नाही. ती असती तर बांना खाटेशेजारून पळवाट शोधावी लागली नसती.

घरच्या समारंभात मला तरी आगारांनीच तारलं आहे. पुरीच्या कणकेत तुपाचं मोहन आहे का, हे मी एकदा विचारते. माहीत नाही म्हणाले तर खोदत बसत नाही. नकळत गेलं ते गेलं. पण समोर ठेवलेली बासुंदी, श्रीखंड, दह्यातला मठ्ठा यांना नाही, मग आग्रह करणारं कुणीही असो. ही यादी मी घरात आधीच सांगून ठेवली आहे. ‘मी व्हीगन आहे’ म्हटलं की चर्चा सुरू होते. ‘मला नियम आहे, त्यात एवढे आगार’ म्हटलं की ऐकून घेतात. शब्द बदलून मी दुसरं कारण लपवते का? कुणी विचारलं की म्हशीबद्दल सांगते. पंगतीत आपणहून सुरू करत नाही.

यात बाईपणाचा भाग आहेच, पुस्तक तो सांगणार नाही. पुरुषाने अन्न सोडलं तर तो प्रयोग, आणि त्याची वेगळी वाटी दुसरं कुणीतरी करतं. सुनेने सोडलं तर तिने घर नाकारलं असं होतं, आणि तिची वाटी तिनेच करायची. मी डबा नेत नाही, स्वयंपाकघरात शिरते. उंधियुची मला काळजी नसते, तो तेलातलाच. आमच्यात कंदमुळं नाहीत म्हणून कच्ची केळी, पापडी, वांगी घालतो. गोडाचं एक भांडं मात्र मी तेलात किंवा खोबऱ्याच्या दुधात करते, आणि माझ्या एकटीपुरतं कधीच करत नाही. पंचवीस माणसांचं करते. संपतं, बहुतेक वेळा.

फोईबांना यातलं काहीच पटलेलं नाही. गाय आपल्याला दूध देते, आपण तिला पांजरापोळ देतो, असं त्यांचं साधं गणित. त्यांनी आजवर पस्तीस ओळ्या केल्यात, मी एकही नाही; तेव्हा वाद घालायचा मला अधिकारही कमीच. पण गेल्या चंदी पडव्याला त्यांनी सकाळीच फोन केला. ‘वहू, घारी तारा आगारमां आवे?’ नाही म्हटलं. ‘तो भुसुं लेती आवजे, घारीवाळा पण खाशे.’ मी दोन किलो भुसुं घेतलं.