माणसांची दाखलनोंद

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल सहसा कोणी आवडीने वाचत नाही. इतकी पुस्तके दाखल झाली, इतकी बांधणीला गेली, वाचनकक्ष रात्री उशिरापर्यंत उघडा राहू लागला, नियतकालिके आता संगणकावर मिळतात. मला मात्र अशा कागदांची गोडी आहे. ती लागली बुऱ्हाणपुरात पूर्ण झालेल्या एका फारसी ग्रंथामुळे.

अब्दुल बाकी नहावंदी इराणातून निघाला आणि 1614 मध्ये तापीकाठच्या या शहरात येऊन मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या पदरी राहिला. 1616 मध्ये त्याने धन्याचे चरित्र पुरे केले, तेच ‘मआसिर-ए-रहीमी’. त्यात मोहिमा आहेत, घराण्याचा इतिहास आहे, स्तुती तर पानोपानी. ती पाने मी भराभर उलटतो. थांबतो ते शेवटच्या भागाशी, जिथे रहीमच्या आश्रयाला असलेले कवी, विद्वान आणि किताबखान्यातले कारागीर एकेक करून पुढे येतात. पुस्तकांची मोजदाद बाजूला राहते आणि कोणाच्या हातात कोणती कला होती, हे अब्दुल बाकी मन लावून सांगतो. ही माणसांची दाखलनोंद आहे.

खुरासानकडून आलेला मुहम्मद अमीन घ्या. मजकुराभोवती रेघांची चौकट आखायची, सोन्याचे काम करायचे, पोथी बांधायची, ही त्याची कामे. अबरी कागदाचे श्रेयही अब्दुल बाकी त्याला देतो. जुन्या चोपड्यांच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला तो ढगाळ, लाटालाटांचा कागद ज्याने पाहिला आहे, त्याला हे वाक्य वाचताना थबकावेच लागते. चिकट केलेल्या पाण्यावर रंगाचे थेंब सोडायचे, ते पसरू द्यायचे, बारीक काडीने हलकेच ओढायचे आणि वरून कागद अलगद टेकवायचा. एका पाण्यावर एकच ठसा. दुसरा कागद हुबेहूब तसा उठत नाही. पुढे माधव नावाचा हिंदू चित्रकार भेटतो, चेहरे रेखण्यात वाकबगार. पुस्तक बांधणारा आणि रेघ आखणारा यांना कवींच्या पंक्तीला बसवणारा हा लेखक मला फार मोठ्या मनाचा वाटतो.

याच किताबखान्यातली एक पोथी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलादालनात आहे. फारसीतले सचित्र रामायण, साधारण 1597 ते 1605 या काळात तयार झालेले. चार्ल्स फ्रीअर यांनी ते 1907 मध्ये विकत घेतले. पोथीच्या कोऱ्या पानावर रहीमने स्वतः टिपण लिहिले आहे, आणि रसिकाने खरा वेळ द्यावा तो तिथे. अकबराच्या आज्ञेने नकीबखानाने हे भाषांतर केले, संस्कृताचा अर्थ उलगडायला देवमिश्र हा ब्राह्मण सोबत होता, बादशहाची परवानगी घेऊन आपण ही नक्कल करवली, असे तो नोंदवतो. मुल्ला शकेबीच्या देखरेखीचाही उल्लेख येतो. आपली पोथी ही नक्कल आहे, हे मालक पहिल्याच पानावर मोकळेपणाने सांगतो! बादशाही पोथी उतरवून घ्यायला परवानगी मागणे म्हणजे आजच्या ग्रंथालयांतली आंतरग्रंथालयीन देवघेवच. आजच्या भाषेत किताबखान्याची सेवा वाढली ती अशी: शाही संग्रहात बंद असलेली कथा दुसऱ्या वाचकांपर्यंत पोचली.

चित्रांबद्दल खरे बोलले पाहिजे. बादशाही चित्रशाळेतली सफाई त्यांत सगळीकडे नाही, काही ठिकाणी आकृत्या ताठर आहेत. पण अशा जागी मला शिकता हात दिसतो. फझल, मुश्फिक, श्यामसुंदर, गोवर्धन ही नावे पोथीत चित्रांसोबत टिकून राहिली, याचा आनंद त्या उणिवेपेक्षा मोठा आहे.

बुऱ्हाणपूरला हे शोभतेच. रहीम इथे येण्याआधीच, 1590 मध्ये, फारूकी सुलतानाने जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरवला होता. त्या भिंतीसमोर उभे राहिले की फारसी रामायणाचे नवल वाटत नाही.

आता पुन्हा अहवालाकडे. 1931 मध्ये रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पाचवे ग्रंथालयाच्या सतत वाढण्याविषयी आहे. फडताळे वाढतात ती डोळ्यांना दिसतात. पण या वर्षी बांधणीच्या टेबलाशी कोण बसले, फाटकी पाने कोणी जपून जोडली, बुजरा विद्यार्थी दारात घुटमळत असताना त्याला आत कोणी नेले, ही वाढ आजच्या अहवालात शोधावी लागते. मी ती शोधतो. कर्मचाऱ्यांची नावे बारीक अक्षरात शेवटच्या पानावर सापडली, तर वाचायला तिथूनच सुरुवात करतो.

फ्रीअर कलादालनाने 1 जानेवारी 2015 रोजी आपला संग्रह महाजालावर सर्वांसाठी खुला केला. आता बुऱ्हाणपूरच्या राजघाटाच्या पायरीवर बसूनही त्या रामायणाची चित्रे फोनवर मोठी करून पाहता येतात. मी पाहिली तेव्हा आधी समासात बोट सरकवले, नाव शोधायला.