‘माणसे टिकत नाहीत’ : हॉटेलातला कामगार आणि आपले साहित्य

आमच्या महाविद्यालयात मध्यंतरी हॉटेल व्यवसायावर एक व्याख्यान झाले. वक्ते हमरस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलाचे मालक. त्यांच्या बोलण्याचा सारा रोख एकाच तक्रारीवर होता : चांगली माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तर टिकत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत गावी गेलेले कामगार परत आलेच नाहीत, असेही ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी मात्र अस्वस्थ झालो. कारण अशा ‘न टिकलेल्या’ माणसांपैकी एकाच्या घरात मी वाढलो आहे.

माझे वडील शहरातल्या एका खाणावळीत मोरीवर भांडी घासत. आडनाव विचारले तेव्हा त्यांनी गावाच्या नावावरून जुळवलेले सांगितले होते. काम चोख पाहून मालकाने वर्षभराने त्यांना वाढायला घेतले. पुढे गावचा एक इसम जेवायला आला आणि त्याने ओळख सांगितली. मालक ओरडला नाही. रात्री एवढेच म्हणाला, “उद्यापासून तू परत मोरीवर बस.” उजाडायच्या आत वडील वळकटी घेऊन निघाले. महिन्याचा पगार तिथेच बुडाला. त्या मालकानेही पुढे कुणापाशी तरी तक्रार केलीच असेल की, माणूस चांगला होता पण टिकला नाही.

साहित्याचा शिक्षक म्हणून मला विचारावेसे वाटते : या माणसाचे आपल्या वाङ्मयात काय झाले? मराठी ललित लेखनात हॉटेल भरपूर आहे. इराण्याकडच्या गप्पा आहेत, तिथला चहा आहे, त्या दिवसांची हळहळ आहे. पण चहा आणून ठेवणारा फक्त ‘पोऱ्या’ आहे. त्याला नाव नाही, गाव नाही, रात्री झोपायला जागा नाही. हे लेखन टेबलाशी बसून लिहिलेले आहे. तिथून मोरी दिसत नाही.

आपण काय केले? बाबूराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मध्ये नोकरीच्या गावी जात लपवावी लागलेल्या माणसाची घुसमट मांडली. स्वतः हॉटेलात पोऱ्या म्हणून राबलेल्या नारायण सुर्व्यांनी कामगाराला कवितेत बोलते केले. हे आपले संचित आहे. पण आपल्या आत्मकथनांतले हॉटेल बहुधा बाहेरून पाहिलेले आहे : वेगळी ठेवलेली कपबशी, वरून ओतलेला चहा. ते लिहिणे अत्यंत गरजेचे होते, यात वाद नाही. परंतु तिथे आपण नाकारलेले गिऱ्हाईक आहोत. आत राबणारा आपलाच माणूस त्या पानांत क्वचितच येतो.

घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने उपाहारगृहाचे दार सर्वांना उघडले. पण भटारखान्याचे दार? जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा १९३६ मधला मुद्दा पाहायला लांब जायला नको. कित्येक हॉटेलांत आचारी मालकाच्या नात्यातला किंवा गावचा असतो. फडके मारणारा वेगळा, मोरीवरचा वेगळा. आणि मोरीपासून चुलीपर्यंत जायला वाट नसते. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी स्वयंपाकीण बाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार केली, ती जात लपवली म्हणून. बागुलांच्या कथेनंतर अर्धशतक उलटून गेले होते.

मग माणसे का टिकावीत? उचल देऊन बांधून ठेवायचे, खाडा झाला की पगार कापायचा, शटर पडल्यावर बाकडी जोडून झोपवायचे आणि वर निष्ठेची अपेक्षा करायची! चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत आणि ढाब्यांवर कामाला ठेवायला २००६ च्या ऑक्टोबरात बंदी आली. ती आणावी लागली यातच या धंद्याने माणसे कुठून मिळवली याचे उत्तर आहे. जो निघून जातो तो बेइमान नसतो. कित्येकदा निघून जाणे हाच त्याच्या हातातला एकमेव नकार असतो. नकाराला आपण साहित्याचे मूल्य मानतो. मग हा नकार आपण का वाचला नाही?

व्याख्यान संपल्यावर मी मालकांना विचारले, “तुमच्याकडे मोरीवरचा माणूस किती वर्षांत आचारी होतो?” ते हसून म्हणाले, “सर, ती लाइनच वेगळी.”

त्या सभागृहात मागच्या बाकावर माझा एक विद्यार्थी होता. तो रात्री एका ढाब्यावर भांडी घासतो आणि सकाळी माझ्या तासाला पेंगतो. यापूर्वी मी त्याला त्यावरून बोललो होतो, याची मला लाज वाटली. मी त्याला म्हणालो, तुझ्या एका रात्रीचे लिही. त्याने वहीची चार पाने लिहून आणली. त्यात विशेषणे नाहीत. किती ताटे, किती वाजता, सोड्याने हाताची साले कशी निघाली, एवढेच आहे. आपल्या समीक्षेने अशा चार पानांसाठी जागा केली पाहिजे. माणसे का टिकत नाहीत, हे मालकाला विचारून कळणार नाही. ते निघून गेलेल्यांनाच विचारावे लागेल, आणि ती माणसे आपल्याच वस्तीत राहतात.