बालकांबाबत प्रौढांचे फौजदारी उत्तरदायित्व : बाल न्याय अधिनियम, 2015 मधील तरतुदींची चिकित्सा

प्रस्तावना :

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर येथे सतरा वर्षांच्या मुलाने चालविलेल्या मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. 21 मे रोजी मुलाच्या वडिलांना पोलिसांनी छत्रपती संभाजीनगर येथून ताब्यात घेतले. अल्पवयीन मुलाच्या हाती मोटार दिली व त्याच्या मद्यपानास मोकळीक दिली, असा त्यांच्यावर आरोप होता. मद्य पुरविणाऱ्यांवरही गुन्हा नोंदविण्यात आला. समाजात मात्र चर्चा झाली ती जामिनाच्या अटीतील तीनशे शब्दांच्या निबंधाची आणि मुलाला प्रौढ मानावे काय या प्रश्नाची. ती मागणी बाल न्याय मंडळाने जुलै 2025 मध्ये अमान्य केली. प्रौढाला जबाबदार कसे धरावे, हा प्रश्न या गदारोळात मागे पडला. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाच्या अनुषंगाने प्रचलित कायद्याचा विचार केला आहे. सदर प्रकरणातील दोषादोष ठरविणे हे न्यायालयाचे काम असल्याने तो लेखाचा विषय नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

मुलाच्या अपराधास हातभार लावणाऱ्या प्रौढास शिक्षा करणारा कायदा अमेरिकेतील कोलोराडो राज्यात 1903 साली झाला. डेन्व्हरचे न्यायाधीश बेन लिंडसे हे त्याचे पुरस्कर्ते होते. भारतात 1920 मध्ये मद्रास, 1922 मध्ये बंगाल व 1924 मध्ये मुंबई प्रांतात बालकांविषयीचे कायदे झाले. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने मुंबईचा कायदा येथे लागू नव्हता. देशभरासाठी एकच बाल न्याय कायदा 1986 मध्ये आला. पुढे 2000 व 2015 चे अधिनियम झाले. या प्रवासात भारतीय कायद्याने कोलोराडोप्रमाणे 'अपराधास हातभार' असा एक व्यापक गुन्हा निर्माण केला नाही. क्रूरता, भीक मागावयास लावणे, मद्य देणे असे स्वतंत्र गुन्हे तेवढे सांगितले.

प्रमुख तरतुदी :

2015 च्या अधिनियमातील कलम 75 अन्वये बालकाचा प्रत्यक्ष ताबा असलेल्या व्यक्तीने त्यास मारहाण केल्यास, त्याचा त्याग केल्यास वा हेतुपुरस्सर दुर्लक्ष करून त्यास यातना होतील असे वर्तन केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. 2000 च्या कायद्यात ही मर्यादा सहा महिने होती. मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देण्यास कलम 77 अन्वये, तर मद्य किंवा अमली पदार्थांच्या विक्रीसाठी वा वाहतुकीसाठी मुलांना वापरण्यास कलम 78 अन्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. यांच्या जोडीला मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये कलम 199-अ आले. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालक दोषी मानला जातो. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे त्यालाच सिद्ध करावे लागते.

चिकित्सा :

कलम 75 चे माप बालकाला होणाऱ्या यातना हे आहे. लाडाने, पैशाच्या जोरावर मुलाला बेफिकीर होऊ देणारा पालक या मापात सहजी बसत नाही, कारण तेथे यातना दुसऱ्याच कुणाला तरी होतात. कलम 199-अ ने ही उणीव भरली, पण वाहनापुरतीच.

दुसरी उणीव गरिबांच्या बाजूची आहे. मुकादमाची उचल घेऊन उसाच्या फडावर जाणारे जोडपे मुलांना गावी आजीजवळ ठेवते किंवा सोबत नेते. दोन्ही परिस्थितींत शाळेची व देखरेखीची आबाळ होते. जन्मदात्यांनी नाइलाजाने मुलाचा त्याग केल्यास तो हेतुपुरस्सर मानू नये, असे कलम 75 चे परंतुक सांगते. परंतु हे परंतुक केवळ त्यागाविषयी आहे. दुर्लक्षाच्या बाबतीत अशा आईवडिलांना 'हेतुपुरस्सर' या एका शब्दाच्या अर्थावर विसंबून राहावे लागते.

सर्वांत गंभीर बाब प्रक्रियेची आहे. 2000 च्या कायद्यात क्रूरता, भीक व मद्य यांसंबंधीचे गुन्हे दखलपात्र होते. 2021 च्या सुधारणेने, जी 1 सप्टेंबर 2022 पासून अंमलात आली, तीन ते सात वर्षे शिक्षेचे या अधिनियमाखालील गुन्हे अदखलपात्र केले. परिणामी न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. शिक्षा वाढली, पण दखल घेण्याचा अधिकार घटला. प्रकरणात एक जरी दखलपात्र गुन्हा असला तरी संपूर्ण प्रकरण दखलपात्र ठरते, हा फौजदारी प्रक्रियेचा नियम आहे. मोटार असेल, जीव गेला असेल, तर असा गुन्हा सोबत असतोच. रेल्वे स्थानकावर राहणाऱ्या मुलाच्या हाती कोणी दारू वा गुटखा दिला, तर जोडीला दुसरा गुन्हा असेलच असे नाही. न्यायदंडाधिकाऱ्यापर्यंत जाणारा पालकही त्या मुलाला नसतो. ज्याच्यासाठी कायदा केला, त्याच्याच दारी तो पोहोचत नाही.

पोलिसांचे अधिकार वाढविल्यास गरीब आईवडिलांचाच छळ होईल, हा आक्षेप निराधार नाही. त्यामुळे सर्व गुन्हे सरसकट दखलपात्र करणे इष्ट ठरणार नाही. मुलाला व्यसन पुरवून वा त्या धंद्यात वापरून नफा मिळविणारा आणि त्याला सांभाळू न शकणारा यांत भेद करावा लागेल.

निष्कर्ष :

1) कलम 77 व 78 खालील गुन्हे पुन्हा दखलपात्र करावेत.

2) कलम 75 च्या परंतुकाचा लाभ नाइलाजाने झालेल्या दुर्लक्षासही द्यावा.

3) पालकाच्या दक्षतेची जी कसोटी वाहनाबाबत लावली गेली, ती मुलाच्या मद्यपानास जाणूनबुजून मोकळीक देण्याबाबतही विचारात घ्यावी.

कल्याणीनगरच्या घटनेत कायदा प्रौढापर्यंत पोहोचला, कारण दोन जीव गेले होते आणि साऱ्या देशाचे लक्ष तिकडे होते. कुणाचे लक्ष नसतानाही तो मुलापर्यंत पोहोचतो काय, यावरच त्याचे यशापयश ठरेल.