वैद्याचें शल्य

वैद्यास यमराजाचा भाऊ ठरविणाऱ्या जुन्या संस्कृत सुभाषितकारानें त्याची थट्टा यथेच्छ केली. परंतु हातून रोगी दगावल्यावर ह्या यमबंधूस रात्रीं झोंप लागते काय, हा प्रश्न कांहीं त्यास सुचला नाहीं. आपल्या लोकव्यवहाराची तऱ्हाही याहून निराळी नाहीं. अमक्या डॉक्टराच्या हाताला गुण आहे, असें आपण कौतुकानें म्हणतों. तोच हात चुकला म्हणजे एक तर शिव्याशाप, नाहीं तर 'आयुष्याची दोरी तुटली' हें समाधान. चुकलेल्या माणसाच्या मनांत काय चालतें हें पाहावयाचें तर त्याच्याच लेखणीकडे वळलें पाहिजे. अशा दोन पुस्तकांविषयीं येथें लिहावयाचें आहे. एकाचा कर्ता रशियन, दुसऱ्याचा इंग्रज.

मिखाईल बुल्गाकोव्ह हा कादंबरीकार म्हणून पुढें गाजला, पण शिक्षणानें तो डॉक्टर. १९१६ सालीं, पदवी हातीं पडते न पडते तोंच, स्मोलेन्स्क प्रांतांतील एका खेड्याच्या इस्पितळावर त्याची रवानगी झाली. तेथल्या अनुभवांवरच्या त्याच्या कथा १९२५-२६ च्या सुमारास मॉस्कोंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत येऊं लागल्या. त्यांपैकीं 'हरवलेला डोळा' ह्या कथेंतील तरुण डॉक्टर एका शिपायाची दाढ उपटतो, आणि दाढेबरोबर हाडाचा तुकडाही बाहेर येतो. आपण ह्याचा जबडाच मोडला, अशी त्याची समजूत होते. शिपाई निघून जातो, तो परत येत नाहीं. मग डॉक्टराच्या डोळ्यांसमोर एकामागून एक चित्रें उभीं राहतात: शिपाई तापानें फणफणला आहे, सारा गांव त्याला पाहून जात आहे, तो मरून देवाच्या तसबिरींखालीं निजला आहे, प्रेत उकरलें जात आहे, चौकशी चालली आहे. पुढें शहरांत भेटलेल्या दंतवैद्याच्या एका वाक्यानें हें सारें हास्यास्पद ठरतें. जबडा मुळीं मोडलाच नव्हता!

वाचक हांसतो, आणि हांसणें योग्यच आहे. परंतु बारकाईनें पाहिलें तर त्या चित्रमालिकेंत शिपायाच्या वेदनेपेक्षां डॉक्टराच्या बेअब्रूलाच अधिक जागा मिळाली आहे. पश्चात्ताप आणि भीति एकाच अंथरुणावर निजतात, हें बुल्गाकोव्हला ठाऊक होतें आणि तें त्यानें लपविलें नाहीं. आम्हांस त्याची ही कथा श्रेष्ठ वाटते ती ह्याच कारणासाठीं.

लंडनचे मेंदूचे शल्यविशारद हेन्री मार्श ह्यांचें २०१४ सालचें पुस्तक, 'अपाय करूं नका' ह्या वैद्यकांतील जुन्या आदेशावरून ज्याचें नांव घेतलें आहे तें, ह्याहून कठोर आहे. त्यांत रुग्णालयाच्या कारभाऱ्यांवरील त्रागा फार आहे, व आम्हांस तो कंटाळवाणा झाला. पण अहंकारावरचें एक प्रकरण साऱ्या पुस्तकाची भरपाई करतें. एका शिक्षकाच्या कवटीच्या तळाशीं मोठी गांठ होती. मध्यरात्रीपर्यंत तिचा बहुतेक भाग निघाला होता. तेथेंच थांबतां आलें असतें. गांठ समूळ काढण्याच्या हव्यासांत एक बारीकशी रक्तवाहिनी फाटली, आणि तो मनुष्य शुद्धीवर आला नाहीं. कित्येक वर्षांनंतर अशाच बेशुद्ध रुग्णांच्या एका शुश्रूषागृहांत मार्श गेले असतां त्यांना एका खोलीपाशीं त्याचें नांव दिसलें, व आंत अंथरुणांत आखडलेला तो देह दिसला. येथें लेखक रडत नाहीं, क्षमाही मागत नाहीं. आपल्या दुःखाच्या वर्णनानें रुग्णास झांकून टाकण्याचा मोह टाळणें ह्या विषयांत सर्वांत अवघड आहे, आणि येथें तें साधलें आहे.

हा मोह किती खरा आहे तें एका शब्दाच्या इतिहासावरून दिसतें. २००० सालीं अल्बर्ट वू ह्या अमेरिकन डॉक्टरांनीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें चुकलेल्या वैद्यास 'दुसरा बळी' म्हटलें. त्यांच्या उमेदवारीच्या काळीं एका सहकाऱ्याला हृदयालेखांतील धोक्याची खूण ओळखतां आली नव्हती. बरोबरीच्या डॉक्टरांनींच त्याला नालायक ठरविलें, आणि हीच चूक माझ्याही हातून झाली असती काय, हें वू मनांतल्या मनांत स्वतःस विचारीत राहिले. लेखाचा हा आरंभ आम्हांस त्या शब्दापेक्षां मोलाचा वाटतो. २०१९ सालीं त्याच नियतकालिकांत, वैद्यकीय चुकांमुळें ज्यांचीं माणसें गेलीं अशा आप्तांनीं तो शब्द टाकून द्या अशी मागणी केली: बळी म्हटलें कीं जबाबदारी कोणाचीच उरत नाहीं. त्यांचा आक्षेप रास्त आहे. पण म्हणून नालायक ठरलेल्या त्या तरुणाची रात्र खोटी ठरत नाहीं. शब्दाला ह्या दोघांस एका ठिकाणीं आणतां आलें नाहीं. मार्श ह्यांच्या त्या खोलीपाशीं मात्र दोघेही आहेत.

एक उणीव राहतेच. बुल्गाकोव्हच्या इस्पितळांत सुइणी आहेत, मार्श ह्यांच्या शस्त्रक्रियागृहांत परिचारिका आहेत. हत्यार हातीं देणाऱ्या, रक्त टिपणाऱ्या. डॉक्टर 'मी' म्हणून बोलतो तेव्हां त्या शेजारींच उभ्या असतात. त्या रात्रीं काम आटोपून त्या घरीं कशा गेल्या, हें दोन्ही पुस्तकांत नाहीं.