समईची ज्योत आणि राखणारे हात : रायगड किनाऱ्यावरील पितळी दिव्यांच्या प्रतीकार्थाची चिकित्सा

प्रस्तावना

देवघरापुढे तेवणारी पितळी समई ही मराठी हिंदू घरातील सर्वपरिचित वस्तू होय. समई, निरांजन, लामणदिवा, पंचारती, दीपलक्ष्मी अशी तिची आणि तिच्या परिवाराची अनेक रूपे आहेत. या दिव्यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले असले, तरी त्यातील बहुतांश लेखन वर्णनपर किंवा गौरवपर आहे. दिवा म्हणजे ज्ञान, अंधार म्हणजे अज्ञान, एवढे सांगून ते थांबते. हा प्रतीकार्थ चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या रायगड किनाऱ्यावरील घरांचा संदर्भ घेऊन या प्रचलित प्रतीकार्थाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दिव्याचा अर्थ त्याच्या अवयवांत साठवलेला नसून तो राखण्याच्या नित्य कृतीतून घडतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रचलित प्रतीकार्थ आणि त्याच्या मर्यादा

समईचा अर्थ लावण्याची एक ठरलेली पद्धत आहे. समईची बैठक म्हणजे ब्रह्मा, दांडी म्हणजे विष्णू आणि वरचा भाग म्हणजे शिव. तेल म्हणजे वासना, वात म्हणजे अहंकार आणि ज्योत म्हणजे ज्ञान. पाच वाती म्हणजे पंचमहाभूते, अशी ही मांडणी असते. प्रवचनात ती परिणामकारक ठरते. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र तिच्यात एक मूलभूत उणीव आहे. तीन भाग असलेल्या कोणत्याही वस्तूवर कोणतेही त्रिक बसवता येते. तेव्हा अशा अर्थाने वस्तूविषयी नवे काही कळत नाही. समईत तेल आणि निरांजनात तूप का, एकीला लांब तेलवात आणि दुसऱ्याला फुलवात का, समईत रॉकेल का चालत नाही, या घरातील साध्या प्रश्नांना ही मांडणी उत्तर देत नाही.

प्रतीक शोधण्याच्या उत्साहात किती सावध राहावे लागते, याचे एक उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर या गावाचा उल्लेख शिलाहारकालीन ताम्रपटात ‘दीपकागर’ असा येतो. यावरून हे दिव्यांचे गाव असे म्हणण्याचा मोह सहज होतो. परंतु प्राकृतात ‘दीव’ हा शब्द ‘दीप’ आणि ‘द्वीप’ या दोन्ही संस्कृत शब्दांचे रूप म्हणून येतो. समुद्रकाठच्या गावाच्या नावात दिवा आहे की बेट आहे, हे केवळ ध्वनिसाम्यावरून ठरवता येत नाही. दिव्याच्या प्रतीकार्थालाही हाच न्याय लागू होतो. अर्थ सुचणे ही एक गोष्ट आणि तो व्यवहाराच्या आधारे सिद्ध होणे ही दुसरी.

व्यवहाराचा आधार घेतला, तर दिव्याचा अर्थ स्थिर नाही हे प्रथम लक्षात येते. तिन्हीसांजेला तुळशीपुढे ठेवलेला दिवा मंगल असतो. धनत्रयोदशीला वात दक्षिणेकडे करून लावलेला दिवा यमासाठी असतो. घरात मृत्यू झाल्यावर त्या जागी ठेवलेला साधा दिवा शोकाचा असतो. ज्योत तीच, तेलही तेच. दिशा, स्थान आणि प्रसंग बदलला की अर्थ बदलतो. मराठी भाषेनेही हे भान जपले आहे. दिवा ‘विझवला’ असे जुन्या पिढीतील माणसे म्हणत नाहीत. तो ‘मालवला’ किंवा ‘शांत केला’ असे म्हणतात. संध्याकाळच्या एका घटकेला ‘दिवेलागण’ असे नावच पडले आहे. भाषेने येथे वस्तूपेक्षा कृतीकडे अधिक लक्ष दिले आहे.

वारा, तेल आणि धातू

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याची उपमा दिली आहे. ज्ञानेश्वरीतही दीपाचे दृष्टान्त वारंवार येतात. ही उपमा सर्वपरिचित असली, तरी रायगडच्या किनाऱ्यावर तिचा अर्थ वेगळ्या रीतीने प्रत्ययास येतो. येथे निवारा आपोआप मिळत नाही, तो निर्माण करावा लागतो. ज्येष्ठ-आषाढात समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात ज्योत स्थिर ठेवायची, तर देवघर आतल्या बाजूस हवे, भिंतीत खोल कोनाडा हवा, दाराची फळी वेळेवर लोटायला हवी. उपमेतील निश्चलता ही येथे घराच्या रचनेची आणि घरातील माणसाच्या दक्षतेची निष्पत्ती असते.

तेलाचा विचार केला असता प्रतीकार्थाची सामाजिक बाजू समोर येते. नारळाचे तेल हे बागायतीचे फळ. त्याखेरीज किनाऱ्यावर वाढणाऱ्या उंडीच्या बियांचे तेलही कोकणात पूर्वी दिव्यासाठी वापरले जाई. हे तेल गाळणाऱ्यांत बेने इस्रायली समाजाचा वाटा मोठा होता. अलिबागजवळच्या नवगाव येथे आपले पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची परंपरा आहे. तेलाच्या घाण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याचा धर्मनियम यांमुळे त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव मिळाले. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी साबाथचा दिवा लावणारे हे लोक शेजारच्या हिंदू घरांतील दिव्यांसाठीही तेल गाळत. 1948 नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. अलिबाग व रेवदंडा येथील सिनेगॉग या सहवासाची साक्ष देतात. तेल म्हणजे वासना असे सांगणारा प्रतीकार्थ या घाण्याची आणि या शेजाराची दखल घेत नाही. हिंदू देवघरातील ज्योत केवळ हिंदूंच्या हातांनी तेवत नव्हती, ही बाब तिच्या अर्थाचा भाग मानली पाहिजे.

धातूचीही हीच कथा आहे. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. तो ओतता येतो, ठोकता येतो, चकाकतो. परंतु किनाऱ्यावरील खारट दमट हवेत लवकर काळवंडतो. म्हणून चिंच, कोकम, राख यांनी दिवे घासणे हा येथील घरकामाचा नित्य भाग होता. पुढे त्यांची जागा बाजारातील चूर्णांनी घेतली. आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस, नेमकी ऐन पावसाळ्यात येते. त्या दिवशी घरातील सर्व दिवे घासून, पाटावर मांडून, त्यांची पूजा केली जाते आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवला जातो. हा विधी प्रतीकार्थाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एरवी दिवा देवासाठी असतो. या दिवशी दिवा स्वतःच देवाच्या जागी असतो. खंडेनवमीला हत्यारांची आणि अवजारांची पूजा होते, त्याच जातीची ही कृतज्ञता आहे. दिवा दुसऱ्या कशाचे तरी केवळ चिन्ह असता, तर त्याची अशी स्वतंत्र पूजा करण्याचे प्रयोजन उरले नसते.

उपयोग आणि प्रतीक यांची फारकत

समई ही आज केवळ पूजेची वस्तू वाटते. पण ही स्थिती फार जुनी नाही. तेलाच्या दिव्याखेरीज रात्री घरात दुसरा उजेड नव्हता, तेव्हा देवापुढचा दिवा आणि माजघरातला दिवा एकाच कुळातले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले आणि चिमणी, कंदील यांनी स्वयंपाकघर व पडवी व्यापली. नंतर वीज आली. उजेडाचे काम दुसऱ्याकडे गेल्यावर समईकडे फक्त पावित्र्य उरले. तिचा निव्वळ प्रतीकात्मक अर्थ हा अशा रीतीने तंत्रबदलाचा परिणाम आहे. त्याला सनातन म्हणताना हा इतिहास विसरला जातो.

या फारकतीचा पुढचा टप्पा संग्रहालयात दिसतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिव्यांचा संग्रह विख्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर जमवलेल्या या वस्तू 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द झाल्या. त्यांच्या या कार्यामुळे अनेक घडणी मोडीत जाण्यापासून वाचल्या, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि काचेआडच्या दिव्यात तेल नसते, वात नसते आणि काजळीही नसते. तेथे आकार जतन होतो, कृती नव्हे. संग्रहालयाची ही मर्यादा स्वाभाविक आहे. परंतु अलिबाग-मुरूड पट्ट्यातील सुट्टीच्या घरांत जुन्या समया शोभेसाठी कोपऱ्यात उभ्या राहतात, तेव्हा तीच मर्यादा अभिरुची म्हणून मिरवली जाते. दुसरीकडे, मुंबईला गेलेल्या कुटुंबांची मूळ घरे वर्षभर बंद असतात. गणपतीला दार उघडते, माळ्यावरची समई खाली येते आणि घासली जाते. वर्षातून थोडेच दिवस तेवणारी ही समई शोभेच्या समईपेक्षा अर्थाने अधिक जिवंत आहे, कारण ती लावण्यासाठी कोणीतरी परत आलेले असते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून पडल्या आणि अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. उजेड आणि दिवा यांचे तुटलेले नाते अशा प्रसंगी पुन्हा जाणवते. ज्या बागांतून दिव्याचे तेल आले, त्या बागाच आडव्या झाल्या असता ‘अंधार म्हणजे अज्ञान’ हे समीकरण अपुरे ठरते. तो अंधार अज्ञानाचा नव्हता, तो मोडलेल्या संसाराचा होता.

वंशाचा दिवा आणि दिवा लावणारी

दिव्याच्या प्रतीकार्थातील सर्वांत गंभीर विसंगती स्त्रीच्या संदर्भात आढळते. दिवे घासणे, वाती वळणे, तेल घालणे, तिन्हीसांजेला दिवा लावणे ही कामे परंपरेने घरातील स्त्रीची आहेत. दीपलक्ष्मीच्या मूर्तीत तर स्त्री हीच दिव्याची बैठक आहे. ती उभी राहते आणि ज्योत हातावर तोलते. असे असता ‘वंशाचा दिवा’ आणि ‘कुलदीपक’ हे शब्द मात्र मुलासाठी राखलेले आहेत. नाठाळ मुलाला ‘दिवटा’ म्हणताना आणि ‘काय दिवे लावलेस’ असे विचारताना भाषेने त्याची थट्टा केली. परंतु दिव्याचे पद त्याच्याकडून काढून घेतले नाही. मुलीला ‘पणती’ म्हणणाऱ्या अलीकडच्या घोषवाक्यांनी तिला स्थान दिले खरे, तेही मातीच्या लहान दिव्याचे.

याहून कठोर बाब विधवेची. आयुष्यभर दिवा लावलेल्या स्त्रीच्या हाती औक्षणाचे निरांजन पतीच्या मृत्यूनंतर अशुभ मानले गेले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. दिव्याच्या प्रतीकार्थाची खरी कसोटी येथे आहे. प्रकाश सर्वांसाठी असतो असे सांगायचे आणि तो धरणारे हात मात्र निवडून घ्यायचे, हे एकाच वेळी करता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, समईचा अर्थ तिच्या घडणीत सांकेतिक रीतीने कोरलेला नाही. वाऱ्यापासून जपणारे घर, तेल गाळणारा शेजारी, पितळ घडवणारा कासार आणि रोज दिवे घासणारी स्त्री यांच्या श्रमातून तो घडतो. तात्त्विक प्रतीकार्थ नाकारण्याची गरज नाही. ज्योतीला ज्ञान म्हणण्यात सौंदर्य आहेच. परंतु ते ज्ञान स्वतःच्या आधाराविषयी अज्ञानी राहू नये. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण दिव्याच्या गौरवपर लेखनाला नेमकी लागू पडते. त्या अंधारात जे हात आहेत त्यांची नोंद घेतल्याशिवाय दिव्याचा कोणताही अर्थ पूर्ण मानता येणार नाही.