कॅमेरा कोणाच्या हातात?

उड्डाणपुलांचे खांब रंगू लागले, तशी सार्वजनिक कला म्हणजे भिंतचित्रं ही समजूत आपल्याकडे पक्की झाली. पालिकेला सुशोभीकरण मिळतं, रंगाच्या कंपनीला जाहिरात. समोर राहणाऱ्याला विचारतो कोण? चित्रं बहुतेकदा देखणी असतात, हीच पंचाईत. मग कुणी भांडतही नाही.

२०१७ साली मुंबईतल्या सासून डॉकवर झालेला ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेचा कलाप्रकल्प एवढ्यावर निकालात काढता येत नाही. १८७५च्या या धक्क्यावर कोळी माणसांचे भलेमोठे फोटो लागले. कलाकार हनीफ कुरेशी यांनी तर तिथल्या वासावरच काम केलं. नाकाला रुमाल लावून जाणारी मुंबई मुद्दाम आत शिरली. तरी कोळणी दिसल्या त्या प्रामुख्याने प्रदर्शनाचा विषय म्हणूनच.

याच्या उलट टोकाला कलाकार शायना आनंद यांचं ‘खिडकियाँ’. २००६, दिल्लीतली खिडकी एक्स्टेन्शन ही वस्ती, सोबतीला ‘खोज’ ही संस्था. सामान साधं: टीव्ही, त्यावर कॅमेरा, माइक आणि घरं-दुकानं जोडणारी केबलची तार. पडद्याचे चार भाग, चार ठिकाणची माणसं एकमेकांना बघत बोलतायत. मुलाखत घेणारं मध्ये कुणी नाही. शेजाऱ्यांनी एकमेकांना प्रश्न विचारले, तेच संशोधन आणि तीच कलाकृती. इतकं सरळ काम त्यानंतर फार थोडं झालं असं माझं मत आहे.

पुढच्याच वर्षी अशोक सुकुमारन यांच्यासह आनंद यांनी मुंबईत ‘कॅम्प’ हा कलागट सुरू केला. २००८ साली मँचेस्टरमध्ये सीसीटीव्हीच्या नियंत्रण कक्षात त्यांनी सामान्य नागरिकांना आणून बसवलं. पुढे जेरुसलेममध्ये, हुसकावल्या गेलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांनी कॅमेरा स्वतः फिरवत आपलीच गेलेली घरं न्याहाळली. पाळत ठेवायचं यंत्र पाळतीखालच्यांच्या हाती देण्यातली ही धिटाई ‘कॅम्प’च्याच २०२२च्या ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’मध्ये मला सापडत नाही. पस्तीस मजली इमारतीवरून झोपड्यांपर्यंत घसरत येणारी ती दृश्यं थक्क करतात, पण कॅमेरा वर गेला आणि खालची माणसं पुन्हा दृश्यच झाली.

कलाकार तुषार जोग यांचा तिरकस विनोदही आज दिसत नाही. १९९९ साली ‘ओपन सर्कल’ हा कलाकारांचा गट उभारणाऱ्यांपैकी ते एक. नंतर ‘युनिसेल’ नावाचं सरकारी खात्याच्या थाटाचं सोंग काढून लोकलला लटकणाऱ्यांसाठी त्यांनी उपकरणं रेखाटली. २०१८ साली ते गेले. त्या जातीची थट्टा पुढे फारशी कुणी चालवली नाही.

रहिवाशांनाच कर्ते करणारं आणखी एक उदाहरण म्हणजे धारावी बिएनाले हा कलामहोत्सव. त्याने २०१५ साली रहिवाशांनी कार्यशाळांमधून घडवलेल्या वस्तू धारावीतच मांडल्या, बघणाऱ्याला तिथवर यावं लागलं. आरोग्याच्या कामासाठी आलेल्या निधीवर तो महोत्सव उभा होता, आणि असा निधी ठरावीक मुदतीचा असतो. २०२४पासून धारावीच्या पुनर्विकासाच्या सर्वेक्षणात त्याच गल्ल्यांतल्या घरांवर क्रमांक पडू लागले. रहिवाशांनी स्वतः केलेली पाहणी, स्वतः काढलेले नकाशे यांची खरी निकड आत्ता आहे, आणि कलेसाठी पैसा देणारे अजून भिंतीच शोधतायत.