कष्ट, मेहनत आणि राबणे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि नागपूरकडील कित्येक मराठी कर्मचारी कुटुंबे कचेऱ्यांपाठोपाठ इकडे आली. बाग सेवनियासारख्या वस्त्यांतून आता त्यांच्या पुढल्या पिढ्या नांदत आहेत. या पिढ्यांच्या मराठीत 'कष्ट' या शब्दाचा अर्थ नकळत पालटत चालला आहे, असे आम्हांस वाटते.

हिंदीत 'कष्ट' म्हणजे क्लेश. ही छटा मराठीतही आहे. 'कष्टी होणे' म्हणजे दुःखी होणे. परंतु 'कष्ट करणे' म्हटले की घाम गाळून केलेले काम डोळ्यांपुढे येते. म्हणूनच 'कष्टकरी' हे मराठीत मानाचे विशेषण ठरले. हिंदीतील 'कष्टकारी' मात्र पीडादायक. पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये स्वस्त जेवणाचे केंद्र काढले, त्याचे नाव 'कष्टाची भाकर'. हेच नाव हिंदीत शब्दशः नेल्यास ती दुःखाची भाकर होईल!

मग सरसकट 'मेहनत' का म्हणू नये, असे कोणी विचारील. या शब्दाचे मूळ अरबी; तेथे अर्थ कसोटी, संकट. म्हणजे दोन्ही शब्द वेदनेकडूनच कामाकडे आले. तरी मराठीत मेहनत शोभते ती पहिलवानाला, गवयाला, विद्यार्थ्याला. तीत फळाची आशा असते. 'श्रम' शिणवट्याकडे झुकतो, 'परिश्रम' गौरवपर भाषणाकडे. 'खटपट' मराठीत कार्यसिद्धीसाठी केलेली धावपळ, हिंदीत भांडण. आणि 'राबणे' म्हणजे बहुधा दुसऱ्यासाठी, मोबदल्याचा विचार न करता झिजणे.

आमचा आक्षेप आहे तो आपल्या मंडळींच्या श्रद्धांजलीपर लेखनावर. त्यांत वडिलांनी 'अथक परिश्रम' केलेले असतात आणि आईची त्यांना 'मोलाची साथ' असते. बदलीगणिक संसाराची बांधाबांध, तुटपुंज्या पगारात आल्यागेल्याचे जेवणखाण, परक्या भाषेच्या शाळेत मुलांना रुळवणे, या साऱ्याला साथ म्हणणे ही शब्दांची कंजुषी आहे. त्या माउल्यांनी कष्ट उपसले, त्या राबल्या. मराठीत त्यासाठी नेमके शब्द असताना लिहिणाऱ्याने ते का टाळावेत?

हिंदीशी आमचे वैर नाही. तिच्या अन्नावरच आम्ही पोसलो. परंतु घरातील माणसांचे ऋण मांडताना तरी सुज्ञ वाचकांनी आपले शब्द पारखून घ्यावेत, एवढीच विनंती.